मुक्या मॅडमचे कान

आमच्याकडे भाड्याने राहायला आलेल्या संशोधक बाई कुणालाच प्रश्न विचारत नसत. माणसं कामाच्या जागी कशी वागतात, याचा अभ्यास करायला त्या पुण्याहून मालवणला आलेल्या. म्हणजे आता प्रश्न विचारून डोकं खाणार, अशी आमची खात्री. पण छे! बंदरावरच्या बर्फाच्या फॅक्टरीत माझे बाबा मशीनवर होते, तिथल्या गेटजवळच्या बाकड्यावर त्या नुसत्या बसायच्या. आठवड्यात गावाने नाव ठेवलं, मुकी मॅडम.

"विचारलं की माणसं मला आवडेल ते सांगतात," त्या म्हणायच्या. "न विचारता बोलतात ते खरं."

त्यांना आवडायच्या शिव्या, आमच्या मालवणीत गाळी. खोटं नाही सांगत! बाबा आणि जुने मॅनेजर एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत, आणि मॅडम बाकड्यावर गालात हसत. "आवशीक खाव, ह्यो पाइप कोणी असो बांधल्यान?" असं बाबा गरजले की दुपारपर्यंत पाइप दुरुस्त. यात अभ्यास कसला, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "जिथे वरच्याला शिवी देता येते ना, तिथे धोकाही सांगता येतो."

मग नवे मॅनेजर आले. शिस्तीचे. महिनाभर एकही तक्रार न करणाऱ्या पाळीला पेढे, आणि गेटवरच्या फळ्यावर नावं. पहिल्याच महिन्यात बाबांच्या पाळीने पेढे पटकावले. आम्ही खूश. गोडाला हावरट असलेल्या मॅडम मात्र पेढा हातात धरून बसून राहिल्या.

"तुझे बाबा आज साहेबांना म्हणाले, 'सगळं ठीक आहे सर.'"

मला हसूच फुटलं. बाबा आणि असलं पुस्तकी मराठी!

"हसू नकोस. फॅक्टरीत शिव्या बंद झाल्यात. मला भीती वाटते."

जेवताना बाबांचं तोंड सुटलं. बर्फ गोठवायला अमोनिया लागतो, त्याचा वास सुटला होता. "व्हॉल्व सडलो मेलो, कधी उडात नेम नाय."

"मग काका, उद्या सांगा ना," मॅडम म्हणाल्या.

"सांगतलो कोण? आख्ख्या पाळीचे पेढे जातले, आणि सगळे माझ्याच नावान बोंबलतले."

शेवटी मॅडम स्वतः साहेबांकडे गेल्या. ते हसले. "लोक सुधारले, याचंही तुम्हाला दुःख?" त्यांनी बाबांना बोलावून समोरासमोर विचारलं. बाबा म्हणाले, "नाही सर. सगळं ठीक आहे."

त्या दिवसापासून संध्याकाळी बाबांची मोटरसायकल अंगणात आली की मगच मॅडम चहा घ्यायच्या. आये चिडायची, चहा पुन्हा तापवून द्यायची.

एका संध्याकाळी मोटरसायकल आली नाही. व्हॉल्व उडाला होता.

बाबा वाचले, पण त्यांची फुप्फुसं कामातून गेली. दवाखान्यात साहेब फळं घेऊन उभे होते. मॅडम कॉटपाशी बसल्या आणि मी त्यांना पहिल्यांदा कुणाला सरळ प्रश्न विचारताना ऐकलं. "काका, वास येत होता ना?"

बाबांनी साहेबांकडे बघितलं. तोंडावरचा मास्क सरकवला. "नाही मॅडम. सगळं ठीक होतं."

मॅडम बाहेर जाऊन ढसाढसा रडल्या. मला बाबांचा असा राग आला की सांगता सोय नाही. चार दिवसांनी त्या पुण्याला परत गेल्या. निघताना माझे कान हलकेच ओढून म्हणाल्या, "हे उघडे ठेव."

फॅक्टरी पुन्हा सुरू झाली. बाबांच्या जागेवर माझ्या धाकट्या भावाला, संदेशला, घेतलं. गाव म्हणतं, मालक म्हणजे देवमाणूस. फळाही परत लागलाय. परवा संदेश पेढे घेऊन घरी आला. बाबा कोपऱ्यात धापा टाकत बसलेले.

आयेने विचारलं, "काय रे झिला, मशीन बरा चलता मां?"

"हो आई. सगळं ठीक आहे."

घरात, आयेशी, असं!

"मेल्या, एक तरी गाळ घाल रे," मी ओरडले. "घाल मरे!"

तो नुसता हसला, आणि पेढ्यांचा बॉक्स माझ्यापुढे धरला.