आईच्या बरसीची तारीख

हिंदी मुलखात, नानाखेड्यातल्या एका खासगी शाळेत मी उपमुख्याध्यापिका होते. रजेचे अर्ज माझ्याकडेच यायचे. गणित शिकवणाऱ्या एक मुसलमान बाई वर्षाकाठी एकच रजा आवर्जून मागायच्या, आईच्या बरसीची, म्हणजे वर्षश्राद्धासारख्या स्मृतिदिनाची. तिसऱ्या वर्षी अर्ज जानेवारीच्या अखेरीस आला, रजा फेब्रुवारीच्या सुरुवातीची. मागच्या वेळी बरसी उशिरा नव्हती का? जुने अर्ज काढले. पहिल्या वर्षी फेब्रुवारीची अखेर, दुसऱ्या वर्षी महिन्याचा मध्य, आणि आता हे.

प्री-बोर्ड, म्हणजे बोर्डाआधीची सराव परीक्षा, तोंडावर होती. काम टाळत असतील, नाहीतर दुसरीकडे मुलाखत असेल. मी त्यांना बोलावून तिन्ही अर्ज समोर ठेवले.

"मैडम, अम्मी तो एक ही बार गुज़री हैं," त्या म्हणाल्या. "शाबान महीने की पाँच तारीख. हमारा साल चाँद से चलता है, हर बार दस-ग्यारह दिन पहले आ जाता है."

"चाँद से तो हमारा भी चलता है. हमारी दिवाली तो कभी गर्मी में नहीं आती," मी म्हटलं.

"और चाँद दिखा तो ही पक्का होगा. एक दिन इधर-उधर हो सकता है."

म्हणजे दिवससुद्धा नक्की नाही! माझा संशय पक्का झाला. मी रजा नाकारली. त्या दिवशी दोनदा त्यांच्या वर्गावरून गेले. त्या फळ्यावर गणितं सोडवत होत्या, आणि तो शांतपणाही मला बनावट वाटला.

पुढच्याच आठवड्यात नदीवरच्या राम घाटावर माझ्या वडिलांचं श्राद्ध होतं. बोलता बोलता मी गुरुजींना हा प्रकार सांगितला. त्यांनी विचारलं, "वडिलांचं श्राद्ध गेल्या वर्षी याच तारखेला होतं का?"

नव्हतं. दहा-अकरा दिवस नंतर होतं.

"आपण दोन-तीन वर्षांनी अधिक महिना धरतो, म्हणून आपले सण ऋतू सोडत नाहीत. त्यांच्यात तो नाही. त्यांचे महिने सगळ्या ऋतूंतून फिरतात. बाई खरं बोलल्या, ताई."

दुसऱ्या दिवशी मी बाईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "उस दिन स्कूल के बाद, शाम को अम्मी के लिए फ़ातिहा की दुआ पढ़ ली थी. दोपहर को रिश्तेदारों को खिलाना था, बस वो रह गया."

पुढल्या वर्षी जानेवारीत त्यांचा अर्ज आला. कारणाच्या जागी बरसी नाही, फक्त 'निजी काम' लिहिलं होतं. मी सही केली. विचारायला मला तोंड राहिलं नव्हतं.