बॉनेटवरचं स्वस्तिक

गाडी आली तेव्हा मी कॉलेजात होते, आणि घाटकोपरच्या आमच्या चाळीत त्या दिवशी लग्नघराची धांदल होती. बाबांनी नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहिली होती. आईने नारळ वाढवला आणि पाण्यात कालवलेल्या कुंकवाने बॉनेटवर असं ऐसपैस स्वस्तिक काढलं, की त्याचा एक पाय बॉनेटची कड ओलांडून खालच्या पत्र्यावर उतरला.

"दिवाळीपर्यंत बॉनेट उघडायचं नाही. स्वस्तिक मोडेल," बाबांनी जाहीर केलं. काय माणूस! मला हसू आवरेना.

चौथ्याच दिवशी आम्ही तिघं फिरून घरी परतत असताना असल्फ्याच्या चढावर गाडीतून भसाभस वाफ निघाली. एक टॅक्सीवाला धावत आला, "अरे, बॉनेट खोलो ना!" पण बाबा बॉनेटपुढे आडवे उभे. शेवटी साकीनाक्याहून टेम्पो आणला आणि गाडी ओढत अंधेरीच्या शोरूमला नेली.

तिथला मॅनेजर बाहेर येऊन बघायलाही तयार नव्हता. "बाहेरच्या मेकॅनिकने इंजिनला हात लावला असणार. वॉरंटी गेली."

बाबांचा चेहरा खाडकन उतरला. दुरुस्तीचा खर्च आम्हाला झेपणारा नव्हता. गाडी विकावीच लागली असती. माझं डोकं असं फिरलं! मी तोंड उघडणार, तेवढ्यात आई म्हणाली, "ओ साहेब, उठा आधी. बाहेर येवा नि ह्यां बघा."

बॉनेट आणि पत्रा यांच्यामधल्या फटीत कुंकू भरून कडक वाळलं होतं. कुठे तडा नाही, ओरखडा नाही.

"बॉनेट उघडलं असतं, तर हे राहिलं असतं का? सांगा ना!" आईने विचारलं.

मॅनेजर वाकला. नखाने कुंकू टोकरून बघू लागला. शोरूममधली गिऱ्हाइकंही भोवती जमली. मला तर नाचावंसं वाटत होतं!

"आता तुमच्याच माणसाला उघडायला सांगा," आई म्हणाली.

बॉनेट वर गेलं, स्वस्तिकाचा पाय तुटला आणि बाबांनी डोळे मिटून घेतले. आत रेडिएटरचा सांधाच सुटलेला. "साहेब, हा तर मूळचाच फॉल्ट आहे," त्यांचाच मेकॅनिक बोलून गेला. एवढ्या लोकांसमोर मॅनेजर काय करणार? रेडिएटर वॉरंटीत बदलून मिळाला.

येताना असल्फ्याचा तोच चढ गाडी झक्कास चढली. मी खिडकीतून एवढ्या जोरात ओरडले, की आईने मला आत ओढलं.

घरी आल्यावर बाबांनी कुंकवाची वाटी स्वतःच मागून घेतली. वाकून, जीभ दातात धरून, स्वस्तिकाचा पाय मुद्दाम कडेवरून खाली ओढला.

"पुन्हा दिवाळीपर्यंत का?" मी विचारलं.

"नाही," बाबा म्हणाले, "वॉरंटी संपेपर्यंत."