शेषामायनं दाखवलेला कोळी

शेषामाय विळा चालवता चालवता मध्येच थांबायची आणि हातभर गवत तसंच सोडून पुढं सरकायची. विष्णुपुरीजवळच्या माळावर मी तिला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा वाटलं, बाई थकली. जवळ गेलो तर ओरडली, "तिथं जाळं हाय. पाय नको देऊ!"

मी नांदेडला कोळ्यांवर पीएच.डी. करत होतो, ती गवत कापून म्हशीवाल्यांना विकायची. ज्या माळावर मी दोन महिने रिकाम्या हातानं हिंडलो, तिथंच तिनं मला गुडघ्यावर बसवून ज्वारीच्या दाण्याएवढा कोळी दाखवला. दोन काड्यांच्या मध्ये बशीएवढं जाळं, मधोमध चंदेरी पाठीची मादी. "दव हाय तवरच दिसतंय. ऊन चढलं की तुझ्या चष्म्यालाबी घावायचं न्हाई." ती मादी अंडी कुठल्या गवतावर घालते, पावसात कुठं दडते, सारं शेषामायला पाठ. मी वहीत उतरवून घ्यायचो.

कोळी शास्त्राला नवा निघाला. त्यावरच्या शोधनिबंधाच्या आभारात मी शेषामायचं नाव घातलं. माझ्या मार्गदर्शक सरांनी ते खोडलं. "गवतवालीचं नाव? लोक हसतील." मी निबंध तसाच छापायला पाठवला.

"माझं नाव लिवलं का रं, बाळा?" तिनं विचारलं.

"हाव, माय."

तिनं गल्लीत पेढे वाटले. मग बारावीतल्या नातीनं, सुनंदानं, तो निबंध मोबाइलवर शोधला आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.

पुढच्या खेपेला मी घरी गेलो, तर शेषामाय दारात तूर पाखडत होती. मी सरांचं कारण सांगू लागलो. तिनं सूप खाली ठेवलं.

"नाव न्हाई लिवलं, त्याचं काई न्हाई. पर खोटं कामून बोललास? मी समद्याईला सांगून बसले ना. आता बाया मलाच खोटी म्हणून राहिल्या." सूप पुन्हा उचलत म्हणाली, "आता येऊ नका, सर."

त्याच निबंधावर मला प्राध्यापकाची नोकरी लागली. सर निवृत्त झाले, मला अडवणारं कुणी उरलं नाही, तरी निबंध छापणाऱ्या नियतकालिकाला दुरुस्तीचं पत्र लिहायला मी पाच वर्षं लावली. गेल्या महिन्यात शेषामायचं नाव छापून आलं. मी सुनंदाला फोन केला.

ती म्हणाली, "आजी दिवाळीतच गेली, सर. आता कुणाला वाचून दाखवू?"