निंबाखालची पिकअप

नांदुऱ्याच्या स्टेशन रोडवर एक मेकॅनिक होता. डावा पाय ओढत यायचा, इंजिनाला हात लावण्याआधी कान लावायचा आणि बोलण्याआधी फडक्याला बोटं पुसायचा. साठ साली नवं मराठी राज्य झालं त्या सुमारास एका व्यापाऱ्याची जुनी पिकअप त्याच्याकडे निंबाखाली विकायला उभी होती. मिरचीची पोती न्यायला मला ती हवीच होती.

"नका घेऊ, भाऊ. गेअरबॉक्स मेला हाये तिचा."

माझ्या आधीच्या गिऱ्हाइकाला त्यानं चेसी वाकल्याचं सांगितलं होतं. तरी मी दर बाजाराला गाडी बघून यायचो. काच कायम पुसलेली, चाकांत हवा भरलेली.

शेवटी विचारलंच, "तुमालेच घ्याची हाये काय?"

त्यानं बराच वेळ बोटं पुसली. "मले कशाले? माह्या पायानं क्लच दबत नाही."

मग मला स्टिअरिंगवर बसवून तो शेजारी बसला. इंजिन बंदच होतं. "दाबा," म्हणाला. मी क्लच दाबत गेलो, तो समोरच्या रस्त्याकडे बघत एकेक गेअर टाकत गेला. एकही अडला नाही.

"पाह्यलं ना?" तो हळूच म्हणाला.

"हाव," मी म्हणालो, "पार मेला हाये."