सामानाच्या खोलीवरची तांबडी रेघ

दया साळवे चिडली की आधी चष्मा नाकाच्या शेंड्यावर यायचा, मग आवाज चढायचा. त्या शनिवारी नगरच्या शाळेच्या मैदानावर चष्मा केव्हाच शेंड्यावर आला होता.

सव्वीस वर्षं ती इथे खेळ शिकवत होती. घरी नवऱ्याच्या डब्याची कणीक मळून, हाताला पीठ तसंच घेऊन साडेपाचला शिट्टी वाजवायची. आज पहिल्यांदाच व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे निवडकर्ते तिच्या मैदानावर आले होते आणि बोटांना खडू लावून मुलींना भिंतीलगत उड्या मारायला लावत होते. सोनईच्या राजनंदिनीचा खडू खुणेच्या चार बोटं खाली उमटला. निवडकर्त्यांतल्या मोठ्या साहेबांनी वहीतल्या तिच्या नावावर काट मारली.

"खेळवलं कुठे तिला अजून?" दयाने विचारलं.

"मॅडम, मुलगी चांगली आहे. पण अ‍ॅथलेटिक नाही."

"म्हणजे काय हो? उंच उडी? ती टाळ्या घ्यायला बरी! भरधाव पळताना दीड पावलात थांबायचं, समोरचीचा तोल गेला की तिथल्या तिथे वळायचं, आणि चाळिसाव्या मिनिटालाही पहिल्यासारखंच. ते तुमच्या भिंतीवर कुठे उमटतं? उद्या चर्चमध्ये माफी मागेन, आज ऐकून घ्या. पाच मिनिटं खेळवा तिला."

साहेबांनी सुटका व्हावी म्हणून खेळवलं. समोर सहा फुटी, उडीत पहिली आलेली मुलगी. राजनंदिनी पळत आली, गपकन थांबली. सहा फुटी तशीच पुढे वाहत गेली. चेंडू जाळीत. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा राजनंदिनीने तिच्या हातातला चेंडूच काढून घेतला. पाच मिनिटांनी सहा फुटी गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत होती.

"असं थांबायला कुठे शिकलीस?" साहेबांनी विचारलं.

"खो-खोत," राजनंदिनी घाम पुसत म्हणाली. "चार वर्षं तिकडंच हुते ना." तिने सामानाच्या खोलीच्या दाराकडे बोट केलं. "ती तांबडी रेघ. सहावीत माझा हात तिथं पोचला न्हाई. पोचला तर बास्केटबॉल, न्हाईतर खो-खो. बाईंनीच मारलीय."

साहेब हसले. "म्हणजे आमचीच भिंत की, मॅडम!"

दयाचा चेहरा रेघेसारखाच तांबडा झाला. दर जूनला त्या दारापाशी उभं राहून तिने किती मुली परत पाठवल्या होत्या! ही एकटी, दोन वर्षांपूर्वी बास्केटबॉलला खेळाडू कमी पडली म्हणून हाती लागली. बाकीच्यांची आता नावंही आठवत नव्हती.

"हसा. पण आधी नाव लिहा."

साहेबांनी पेन्सिल उचलली.

"पेनाने. काट पेनाने मारलीत ना?"

त्यांनी पेनाने लिहिलं. साहेबांची गाडी फाटकाबाहेर गेली तसा दयाने शिपायाला हाक मारली, "आसाराम, तारेचा ब्रश आण!"

ती दारावरची रेघ घासत सुटली. जुना ऑइलपेंट, दरवर्षी गिरवलेला. लाकडात मुरला होता.

"बाई, ऱ्हाऊ द्या," राजनंदिनी मागून म्हणाली. "पुसट झाली की."

"तू गप. लीगच्या पुण्याच्या शिबिराला दहा दिवस राहिलेत. पळ, दहा फेऱ्या!" तिने ब्रश फेकला. "आसाराम, हे दारच काढ."

"बाई, आतले चेंडू जातील की चोरीला."

"जाऊ देत. काढ म्हणते ना!"