मोराच्या जॅकेटाची चौकशी

रविवार, संध्याकाळचे सहा. रंकाळ्याच्या कट्ट्याजवळ, भेळेच्या गाड्यांसमोर मी उभा होतो. तिथं मी जो घोळ घातला तो मीच तुम्हाला सांगतो, कारण माझी बहीण सांगते तेव्हा त्यात पदरचं घालते, आणि चुकीची बातमी मला खपत नाही.

त्या आठवड्यात मी पेपरसाठी एक लेख लिहीत होतो. विषय साधा. पोरांचा पगार किती, आणि अंगावरचे कपडे केवढ्याचे? कपड्यांच्या दुकानांत बसून बसून पोरं बघितली. बूट हप्त्यावर, आणि हप्ता फिटायच्या आत दुसरे बूट. एकाला विचारलं, "अरे, पगारातलं घरात काय देतोस?" तर म्हणतो, "काका, घरातलीच मला देत्यात की." आता यावर माणसानं चिडायचं नाही तर काय करायचं?

त्यातच माझ्या भाचीचं, पल्लवीचं, लग्न ठरत आलेलं. मुलगा कोडोलीचा, अमोल नाव, एका डेअरीत नोकरीला. पाहण्याचा कार्यक्रम झाला त्या दिवशी मी कुठल्यातरी प्रचारसभेत अडकलेलो, म्हणून बहिणीला म्हटलं, निदान फोटो तरी पाठव. तिनं त्याचं स्टेटसच पाठवून दिलं. पोरगं राधानगरी धरणाकडं तोंड करून उभं. म्हणजे आपल्याला दिसते ती पाठ. पाठीवर गर्द हिरव्या मखमलीचं जॅकेट, आणि त्यावर सोनेरी जरीचा, पिसारा फुलवलेला मोर.

हे जॅकेट मी दुकानात पाहिलं होतं, एकुलता एक नग. किंमतही विचारली होती. डेअरीत नव्यानं लागलेल्या पोराचा पगार मला माहीत आहे. त्याचा अख्खा महिना त्या मोरानं खाल्ला असणार.

"पोरगं उधळ्या आहे," मी बहिणीला बजावलं.

"दादा, पल्लवीला पसंत आहे."

"तू गप्प बस. मी बघतो."

तर त्या रविवारी तो मोर माझ्या डोळ्यांदेखत चालत गेला. असं दुसरं जॅकेट कोल्हापुरात असणंच शक्य नव्हतं. शेजारी एक मुलगी. पल्लवी नव्हे. दोघं कट्ट्यावर टेकली, मुलगी भेळ आणायला उठली, आणि मी तिच्या जागेवर जाऊन बसलो.

"पगार किती तुझा?"

"आँ? कोण पावणं तुम्ही?"

"मुलीचा मामा."

पोरगं ताडकन उभं राहिलं. माझ्या अंगात तीस वर्षांची बातमीदारी आली. बहिणीला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि फोन त्याच्यासमोर धरला.

"बोल. कधीपासून चाललंय हे?"

"दोन वर्सं झाली, मामा. खोटं बोलणार न्हाई."

"आणि लग्नाचं काय?"

"लगीन करीन तर तिच्याशीच. घरातल्यांनी दुसरीकडं जमवलं तरी मी ऐकणार न्हाई."

"हा मोर मिरवायला पैसे कुठून आणतोस?"

"ते सांगतो की निवांत. आधी तुम्ही व्हय म्हणा."

फोन पलीकडून बंद झाला होता. मी मिशीवरून हात फिरवला. पुरावा गोळा करावा तर असा.

तेवढ्यात मुलगी दोन भेळी घेऊन आली.

"ह्ये कोण?"

"असं काय करतीस? तुझं मामा की."

"माझ्या मामाला मी वळखत न्हाई व्हय? ह्ये कुठलं?"

तिच्या हातातली भेळ मऊ पडेपर्यंत सगळा उलगडा झाला.

पोराचं नाव सूरज. अमोलचा मित्र. पाच मित्रांची भिशी होती, कपड्यांची. दर महिन्याला पाचही जणांनी थोडेथोडे पैसे काढायचे, एक भारी कपडा घ्यायचा आणि आळीपाळीनं घालायचा.

"एकट्याला झेपतंय व्हय असलं?" सूरज म्हणाला. "राधानगरीला गेलतो तवा अमोलची पाळी हुती. आज माझी."

म्हणजे माझा हिशेब पाचपट चुकलेला. दुसरं जॅकेट नाही, हे मात्र बरोबर निघालं. जॅकेट एकच होतं.

बहीण फोन उचलेना. दाजींना लावला.

"दादा, तुमच्यामुळं वाचलो," दाजी गहिवरले होते. "कोडोलीला लगेच कळवलं, मोडलं म्हणून. चार शब्द जास्तच सुनावले."

मागून पल्लवीच्या रडण्याचा आवाज येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी, बहीण आणि दाजी कोडोलीत, खाली मान घालून. बाहेरच्या सोप्यात बसवलं, पोहे आले. माफी मागायला मी तोंड उघडलं, तर अमोल म्हणाला, "राहू द्या मामा. पल्लवीनं काल फोन केला होता. म्हणाली, मामाचं मनावर घेऊ नका. त्यांनी पेपरात लिहिलेलंसुद्धा आमच्या घरात कोणी मनावर घेत नाही."

लग्न तेवढ्यावर टिकलं. मी पोहे खायला घेतले.

अमोलचे वडील शांत माणूस. सगळं ऐकून घेतलं, पाण्याचा तांब्या माझ्याकडं सरकवला.

"पावणं, एक इचारू? राग मानू नका. तुम्ही त्या पोराचा पगार इचारला. कवापास्नं चाललंय त्ये इचारलं. कापडाला पैसं कुठनं आणतोस, त्येबी इचारलं. नाव न्हाई इचारलं?"

मी बहिणीकडं पाहिलं. बहिणीनं दाजींकडं पाहिलं. दाजी पोह्यातल्या मिरच्या बाजूला काढत होते.

लग्नाला आता वर्ष होऊन गेलं. कोडोलीला उत्तर अजून गेलेलं नाही.