डब्यातला फोटो

त्या दिवशी मी बँकेत पासबुक भरायला उभा होतो. फोन आला तो आमच्या दुकानाशेजारच्या गिरणीवाल्या शिंदेचा. "काका, जरा दुकानात या." मी म्हटलं, "काय रे, लाईट गेली का?" तर म्हणाला, "तुम्ही या आधी." बिबवेवाडीच्या त्या रस्त्याला चालत दहा मिनिटं लागतात, मला किती लागली ठाऊक नाही. दुकानात सातआठ माणसं. माझी बायको मंगल खाली फरशीवर, डोक्याखाली कोणीतरी पिठाची रिकामी गोणी घडी करून ठेवलेली. डॉक्टर बघून गेला होता. आणि वर टेबलावर कॉम्प्युटर चालूच. त्याच्यावर मंगलचा फोटो, गळ्यात हार, दोन्ही बाजूंना समया, वर मोठ्या अक्षरात 'भावपूर्ण श्रद्धांजली'. जमलेली माणसं एकदा खाली बघत होती, एकदा वर बघत होती. शिंदे माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "काका, हे एवढ्यात केलं कोणी?"

मी उत्तर दिलं नाही. देता येत होतं, पण दिलं नाही. आज दीड महिना झाला. पेपरच्या पुरवणीत माणसं गेलेल्यांविषयी चांगलं चांगलं लिहितात, मीही लिहीन, पण आधी त्या प्रश्नाचं उत्तर लिहितो. ते मी केलं.

मी सातवी शिकलेला, छापखान्यात मशीनवर जन्म गेला. मंगल दहावी. छापखाना बंद पडला तेव्हा मी घरी बसून कपाळाला हात लावत होतो आणि ही बाई पन्नाशीत कॉम्प्युटरच्या क्लासला जायला लागली. क्लासमध्ये सगळी कॉलेजची पोरं. तिला आजी म्हणायची. तीन महिन्यांनी तीच पोरं तिला विचारून काम करायची. मग हे दुकान. छपाई बाहेरून व्हायची, आपलं काम फक्त मांडणी करून द्यायची. वाढदिवस, मुंज, बारसं, आणि श्रद्धांजली. शेवटचं सगळ्यात जास्त, कारण त्याला घाई असते. वाढदिवस वर्षभर आधी माहीत असतो.

या घाईसाठीच तिनं ती फाईल बनवली होती. सगळं आधी रचून ठेवलेलं, हार, समया, अक्षरं, नावाची जागा, तारखांची जागा. मधे फोटोचा डबा. डबा हा तिचा शब्द. मला समजावताना म्हणाली होती, "अहो, जेवणाचा डबा कसा असतो, डबा तोच, आतली भाजी रोज वेगळी. तसं. डबा उघडायचा, आत नवा फोटो ठेवायचा, बंद करायचा. आकार, कडा, हार, सगळं आपोआप बसतं." त्याच फाईलमध्ये चार मापं होती. चौकातला फ्लेक्स, पेपरातली जाहिरात, घरी भिंतीला लावायची फ्रेम आणि मोबाईलवर पाठवायचं ते. चारही ठिकाणी डबा एकच. एका जागी माणूस बदलला की चारही जागी बदलायचा. गिऱ्हाईक रडत खुर्चीवर बसायचं, त्याचा चहा संपायच्या आत हिचं काम झालेलं असायचं. नाव मात्र ती मोठ्यानं वाचून दाखवायची, दोनदा. म्हणायची, रडताना माणूस स्वतःच्या बापाचं नावसुद्धा चुकीचं सांगतो.

फोटो कसले यायचे ते सांगितलं पाहिजे. माणूस मेल्यावर घरच्यांना कळतं की त्याचा एकट्याचा फोटोच नाही. लग्नातला घोळका, सहलीतली रांग. मंगल त्यातून एकेक डोकं सोडवून काढायची. एकदा कोथरूडच्या एका बाईंचा फोटो आला, त्यांच्या खांद्यावर कोणाचा तरी हात. माणूस कापला तरी बोटं राहिली होती. मंगलनं ती बोटं एकेक करून पुसली. मी शेजारी बसून बघत होतो. चौथं बोट पुसलं आणि हळूच म्हणाली, "सुटल्या बाई."

तर तो डबा रिकामा ठेवता येत नाही. नुसती करडी चौकट दिसली की गिऱ्हाईक विचारतं, इथे काय येणार. शिवाय चेहरा असल्याशिवाय हार गळ्यावर बसतोय की हनुवटीवर, ते कळत नाही. नमुन्याला कोणीतरी लागतं. परक्याचा फोटो कुठून उचलून लावायचा तर तो जिवंत असेल, त्याला कळलं तर? म्हणून तिनं घरातला लावला. माझा. बँकेत हयातीचा दाखला द्यायचा होता तेव्हा काढलेला.

मला काही सांगितलं नव्हतं. दोनेक वर्षांपूर्वी मी दुपारी तिचं जेवण घेऊन गेलो, तर शिंदे गिरणी सोडून आमच्या दारात उभा. पिठानं पांढरा झालेला आणि हसतोय. "काका, तुम्ही तर गेलात की. दहावा कधी?" मी आत बघितलं. मी, हारात. माझं डोकंच फिरलं. गिऱ्हाईक बसलेलं, तरी मी बोललो, "जिवंत माणसाच्या गळ्यात हार घालतेस? लाज वाटत नाही?" ती म्हणाली, "अहो, नमुना आहे तो. बदलला की गेला. कोणाचा तरी लागतोच." मी म्हटलं, "मग तुझा घाल."

तिनं माझ्याकडे थोडा वेळ बघितलं. रागानं नाही. दळण किती उरलंय ते बघावं तसं. मग "बरं" म्हणाली आणि वळून माऊस धरला. दोनदा टिचकी मारली, काहीतरी केलं, आणि चारही जागी मंगल आली. "झालं. आता बसा, उन्हातनं आलाय."

त्या दिवशी मला बरं वाटलं होतं. हेही लिहून ठेवतो.

बरं वाटणं आठवडाभर टिकलं. मग माझ्या लक्षात यायला लागलं. गिऱ्हाईकाचं काम झालं की फाईल बंद करताना मशीन विचारतं, बदल ठेवायचे का. ती नाही म्हणायची, म्हणजे मूळ नमुना बिघडू नये. त्यामुळे कोणाचाही बाप, कोणाचीही आई त्या हारातून जायची आणि मागे परत मंगल यायची. दिवसातून दोनदा, तीनदा. मी म्हणायला लागलो, काढ तो. फूल लाव, देव लाव. ती म्हणायची, "देवाला कुठं श्रद्धांजली वाहतात?" एकदा फारच मागे लागलो तेव्हा माऊस सोडून माझ्याकडे वळली. "अहो, तो न्यायला रोज येतो, बघतो, गळ्यात हार आधीच दिसतो, परत जातो. कंटाळेल एक दिवस." आणि हसली. मला हसू आलं नाही. 'माझा परत लाव' एवढं म्हणायला हवं होतं. तीनच शब्द. तोंडापर्यंत यायचे. मी भित्रा माणूस आहे, घरात आवाज मोठा असला तरी.

त्या सकाळी कोणाचा तरी फोटो मोबाईलवर आला होता. तिनं फाईल उघडली, डबा उघडायच्या आधीच खुर्चीवरून कोसळली.

मुलगी वाघोलीहून आली. दहाव्याचा फ्लेक्स करायचा तर म्हणाली, "बाबा, आईचीच फाईल आहे ना, फक्त तारखा टाकायच्यात." मी ओरडलो तिच्यावर. दुसऱ्या दुकानातून करून आणला. त्या शहाण्यानं फोटो ताणला, मंगलचं तोंड आडवं झालं, हार कानातून निघालेला. चौकात चार दिवस तसाच होता. हे मंगलनं बघितलं असतं तर त्याला डबा शिकवून आली असती. 'तुझा घाल' म्हणालो होतो, ते मुलीला मी अजून सांगितलेलं नाही. ती म्हणते डोक्यातली शीर फुटली, डॉक्टरांनी लिहून दिलंय, तुम्ही कशाला मनाला लावून घेता. तिला वाटतं मी नुसता एकटा पडलोय.

तीन आठवड्यांनी दुकान उघडलं, कारण लोक शटर वाजवून घरी यायला लागले. तसा एक जण वडिलांचा फोटो घेऊन आला. मला तिनं तेवढं शिकवलं होतं, उघड, ठेव, बंद कर. फाईल उघडली. मंगल. डब्यावर दोनदा टिचकी मारली, आतली खिडकी उघडली. बाजूला यादी असते, एकावर एक ठेवलेल्या फोटोंची, आणि प्रत्येकापुढे बारीक डोळा. डोळा मिटला की फोटो दिसेनासा होतो. मला सवय नाही, टिचकी भलतीकडे पडली, मंगलच्या पुढचा डोळा मिटला. खाली आणखी एक फोटो होता, त्याचा डोळा आधीपासून मिटलेला. मी तो उघडला.

मी होतो. तोच, हयातीच्या दाखल्याचा.

तिनं मला काढलंच नव्हतं. आत ठेवून झाकलं होतं आणि वर स्वतः येऊन बसली होती. दोन वर्षं. आळसानं म्हणावं तर ती एक कानामात्रा चुकली तरी पान परत करणारी बाई. समोरचा माणूस पडद्याकडे बघून चाचरला, "आजोबा, हे... तुम्हीच ना?"

"हो."

"मग इथे कसे?"

"नमुना आहे. बदलता येतो."

त्याच्या वडिलांचं काम केलं. नाव मोठ्यानं वाचलं, दोनदा. चुकलेलं निघालं, त्यानंच सांगितलेलं. तो गेल्यावर फाईल बंद केली, मशीननं विचारलं, नाही म्हटलं. परत उघडली, तर मंगल हारात, माझ्याकडे बघत. मी डबा उघडला, तिचा डोळा मिटला, माझा उघडला. या वेळी मशीननं विचारलं तेव्हा हो म्हटलं. चारही जागी मी आलो. तिला पुसलेलं नाही. खाली आहे ती, झाकलेली. जिथे मी होतो तिथे.

आता रोज सकाळी तिच्या खुर्चीत बसतो आणि सगळ्यात आधी ती फाईल उघडतो. शिंदे आता हसत नाही, दाराशी येतो आणि पीठ झटकत परत जातो. गिऱ्हाईकं दचकतात, मी सांगतो नमुना आहे. न्यायला येणारा तो रोज येऊन बघून जात असेल. तिच्या वेळेला काही कंटाळला नाही. तारखांपैकी पहिली, जन्माची, मी भरून ठेवलीय, नावही टाकलंय, दोनदा वाचून. एकच जागा मोकळी आहे.